कॅलिफोर्निया सरकारचं काम हवंय? एसबी आणि डीव्हीबीई प्रमाणपत्रापासून पहिल्या पर्चेस ऑर्डरपर्यंत

सॅक्रामेंटो, फॉल्सम, एल्क ग्रोव्ह या पट्ट्यात आयटीतली मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण राज्य सरकारच्या एखाद्या खात्याचंच काम करत असतात, पण तीन पायऱ्या खालून. कंत्राट मोठ्या कंपनीकडे, तिच्या खाली दुसरी, आणि तिच्या खाली आपण. खातं तासाला किती मोजतं आणि आपल्या हातात किती येतं हे एकदा कळलं की प्रश्न पडतोच: थेट सरकारशीच का काम करू नये?

करता येतं. आमची छोटी कंपनी सॉफ्टवेअर टेस्टिंगची आहे आणि आम्ही या वाटेनं गेलो आहोत. छपाई, साफसफाई, फर्निचर, भाषांतर, बांधकाम अशा कुठल्याही धंद्याला वाट तीच. ओळखीतल्या लोकांना फोनवर जे सांगत असतो ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज दूर करू. लहान उद्योगाचं (एसबी) किंवा अपंग माजी सैनिकाच्या उद्योगाचं (डीव्हीबीई) राज्याचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम मिळालं असं होत नाही. प्रमाणपत्राचा खरा उपयोग खात्यातल्या खरेदी अधिकाऱ्याला होतो: लांबलचक टेंडर न काढता तो तुम्हाला काम देऊ शकतो. पुढची प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवून वाचा.

१. कोणती प्रमाणपत्रं आहेत आणि कोणती नाहीत

राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ जनरल सर्व्हिसेस, म्हणजे डीजीएस या खात्याकडून मुख्यतः दोन प्रमाणपत्रं मिळतात. पहिलं स्मॉल बिझनेस, बोलीभाषेत एसबी. अगदीच लहान असाल तर त्यातच मायक्रोबिझनेस. दुसरं डिसेबल्ड व्हेटरन बिझनेस एंटरप्राइझ, म्हणजे डीव्हीबीई: लष्करी सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांचा उद्योग. राज्याचं उद्दिष्ट असं की खरेदीच्या २५ टक्के रक्कम एसबींकडे आणि किमान ३ टक्के डीव्हीबीईंकडे जावी. दोन्ही प्रमाणपत्रं फुकट आहेत. 'आम्ही काढून देतो' म्हणत पैसे मागणारे एजंट भेटतील, त्यांची गरज नाही.

'आपण मायनॉरिटी ना, मग त्याचं प्रमाणपत्र काढू या' हे मला वारंवार ऐकू येतं. राज्याच्या कंत्राटात त्याचा उपयोग नाही. १९९६ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २०९ मंजूर केलं आणि तेव्हापासून वंश किंवा लिंग पाहून सरकारी कंत्राटात झुकतं माप देता येत नाही. लहान आकार आणि लष्करी सेवेतलं अपंगत्व यांना ती बंदी लागू नाही, म्हणून या दोन योजना टिकून आहेत.

२. एसबीची पात्रता, आणि पुण्याची कंपनी

कागदावर अटी सोप्या दिसतात. मुख्य कार्यालय कॅलिफोर्नियात हवं. धंदा स्वतंत्र मालकीचा हवा आणि आपल्या क्षेत्रात वरचष्मा असलेला नको. संलग्न कंपन्या धरून माणसं १०० किंवा कमी हवीत. तीन वर्षांची सरासरी उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत हवी. ही मर्यादा कोट्यवधी डॉलरची आहे आणि वेळोवेळी वर सरकते, त्यामुळे नवख्या कंपनीला तिची चिंता नसते.

आपली माणसं अडतात ती दुसरीकडे.

पहिली अडचण निवासाची. कॉर्पोरेशन असेल तर तिच्या सगळ्या ऑफिसरांचं कायमचं घर कॅलिफोर्नियात हवं. एलएलसी असेल तर मॅनेजर आणि ऑफिसर यांचं, आणि मॅनेजर नेमलेच नसतील तर सगळ्या मेंबरांचं. आपल्याकडे कंपनी काढताना प्रेमानं टेक्सासमधल्या मेव्हण्याला व्हाइस प्रेसिडेंट आणि नाशिकच्या भावाला मेंबर करून ठेवलेलं असतं. अर्ज भरण्याआधी ही रचना वकील आणि सीपीए यांच्याबरोबर तपासा.

दुसरी अडचण संलग्न कंपन्यांची. हिंजवडीत किंवा बाणेरला तुमचीच प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि दोन्हींवर नियंत्रण एकाच हातात असेल, तर तिथली माणसं आणि तिथली उलाढालही मोजली जाते. 'ती तर भारतातली कंपनी, तिचा इथे काय संबंध' असं म्हणून ती लपवू नका. खोटं लिहिल्यास शिक्षा होईल हे मान्य करून अर्जावर सही करायची असते आणि खोटं निघालं तर राज्याच्या कंत्राटांतून काही वर्षं बाहेर काढतात, दंड वेगळा.

तिसरी गोष्ट व्हिसाची. एच-१बीवर असताना कंपनीचे शेअर्स बाळगणं वेगळं आणि त्या कंपनीत काम करणं वेगळं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय इथून पुढे जाऊ नका.

३. कागदपत्रं आधी एका फोल्डरमध्ये जमवा

अर्ज ऑनलाइन असतो. मधेच उठून कागद शोधायला लागलात की तो अर्धवट राहतो. हे आधी काढून ठेवा:

- आयआरएसकडून मिळालेला कंपनीचा ईआयएन क्रमांक
- सेक्रेटरी ऑफ स्टेटकडचा नोंदणी क्रमांक
- मागच्या तीन वर्षांची कर विवरणपत्रं, सगळ्या शेड्यूल्ससकट. कंपनी नवी असेल तर जेवढी झाली तेवढी
- नोकर असतील तर ईडीडीकडे (राज्याचं रोजगार खातं) दर तिमाहीला भरलेलं पगाराचं विवरण, डीई ९सी
- ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट, किंवा बायलॉज आणि शेअर्सची नोंद
- दुसऱ्या नावानं धंदा करत असाल तर काउंटीकडचं फिक्टिशस बिझनेस नेमचं पत्र
- बांधकामवाले असाल तर कंत्राटदाराचा राज्य परवाना
- डीव्हीबीईसाठी व्हीएचं (माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याचं) अपंगत्वाचं पत्र, सहा महिन्यांपेक्षा जुनं नको

सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर आपल्या कंपनीची स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह' आहे ना हे स्वतः पाहा. दरवर्षीचा किमान ८०० डॉलरचा फ्रँचाइज टॅक्स थकला किंवा स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन भरायचं राहिलं की कंपनी 'सस्पेंडेड' होते. स्टेटमेंट एलएलसीला दोन वर्षांतून एकदा आणि कॉर्पोरेशनला दरवर्षी भरावं लागतं, त्यामुळे एलएलसीवाल्यांच्या ते हमखास डोक्यातून जातं. वीस डॉलरच्या या कागदापायी हातातोंडाशी आलेलं काम जाऊ शकतं.

४. कॅल ई-प्रोक्युअरवर नोंदणी

राज्याचं खरेदीचं पोर्टल म्हणजे कॅल ई-प्रोक्युअर. आधी विक्रेता म्हणून नोंदणी होते आणि मग त्याच अकाउंटमधून प्रमाणपत्राचा अर्ज. दिसायला पोर्टल जुनाट आहे आणि 'बॅक' दाबलं की भरलेलं पुसून टाकतं, तेव्हा मोठे मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवा.

सगळ्यात कमी लक्ष ज्या रकान्यांकडे दिलं जातं तेच सगळ्यात महत्त्वाचे आहेत: यूएनएसपीएससी कोड (माल आणि सेवांच्या वर्गवारीचे क्रमांक) आणि कीवर्ड. खरेदी अधिकारी याच कोडनं आणि शब्दांनी प्रमाणित कंपन्या शोधतो. 'आयटी सर्व्हिसेस' एवढंच लिहिलंत तर हजार कंपन्यांच्या ढिगात जाल. त्यापेक्षा नेमकं लिहा: अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंग, परफॉर्मन्स टेस्टिंग, डेटा मायग्रेशन, स्पॅनिश आणि हिंदी भाषांतर. कुठल्या काउंटीत काम कराल तेही भरा. मी तर तुमच्यासारखंच काम करणाऱ्या जुन्या प्रमाणित कंपन्यांच्या नोंदी उघडून त्यांचे कोड पाहायला सांगेन. ही माहिती सगळ्यांना खुली आहे.

प्रमाणपत्र साधारण दोन वर्षं चालतं. संपायच्या आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बोलीच्या वेळी ते जिवंत नसेल तर सवलत नाही.

५. डीव्हीबीई: माजी सैनिक तुम्ही स्वतः असाल तर

अटी अशा. कंपनीची किमान ५१ टक्के मालकी अपंग माजी सैनिकाकडे (एक किंवा अधिक) हवी. रोजचा कारभार आणि नियंत्रणही अपंग माजी सैनिकाकडेच हवं, तो मालकच असला पाहिजे असं नाही. सेवेमुळे आलेलं अपंगत्व किमान १० टक्के असल्याचं व्हीएनं म्हटलेलं हवं. निवास कॅलिफोर्नियात हवा. कंपनी एखाद्या परदेशी कंपनीची शाखा किंवा उपकंपनी असून चालत नाही. उलाढालीची मर्यादा इथे नाही, पण लहान असाल तर एसबीही घ्या. एकच कंपनी दोन्ही असली की खात्याची दोन्ही उद्दिष्टं एकाच खरेदीत पुढे सरकतात आणि अधिकाऱ्याचा कल साहजिकच तिकडे जातो.

सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या फौजेत भरती झाली आहे, तिथून आलेल्या मित्रांचा हमखास प्रश्न: सासरे भारतीय सैन्यातून जखमी होऊन निवृत्त झाले, आता ग्रीन कार्डवर आमच्याकडेच राहतात, त्यांच्या नावावर करता येईल का? नाही. सेवा अमेरिकेच्या सैन्यातलीच लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढलेल्या फिलिपाईन्सच्या काही तुकड्यांना कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं आत घेतलं आहे, भारतीय सैन्याला नाही. उलट तुमची मुलगी किंवा पुतण्या अमेरिकी नौदलात जाऊन आला असेल, पाठ किंवा कान दुखावला असेल आणि त्यानं व्हीएकडे दावाच केला नसेल, तर आधी तो करायला सांगा. धंद्याचं नंतर बघता येईल, उपचाराचा हक्क तरी मिळेल.

६. माजी सैनिक नसाल तर: भागीदार शोधा, नाव उसनं घेऊ नका

बऱ्याच टेंडरांत डीव्हीबीईला किमान ३ टक्के काम देण्याची अट असते. शिवाय डीव्हीबीईला किती काम दिलंत त्यानुसार मूल्यमापनात १ ते ५ टक्के इन्सेंटिव्ह मिळू शकतो, किती ते टेंडरच्या कागदातच दिलेलं असतं. म्हणून व्हेटरन नसलेल्या कंपन्या डीव्हीबीई शोधत फिरतात, आणि गडबडही इथेच होते.

'कमर्शियली युजफुल फंक्शन', सगळे त्याला कफ म्हणतात, हा या सगळ्या योजनेचा कणा आहे. डीव्हीबीईनं, आणि एसबीनंही, कामाचा स्वतंत्र भाग स्वतः पार पाडला पाहिजे. काम त्याच्या नेहमीच्या धंद्यातलं हवं. माल पुरवत असेल तर भाव ठरवणं, दर्जा पाहणं, ऑर्डर देणं, पैसे चुकते करणं त्यानंच करायचं. धंद्यात रूढ असतं त्याहून जास्त काम त्यानं पुढे दुसऱ्याला द्यायचं नाही. नुसतं बिल त्याच्या लेटरहेडवरून फिरवून टक्केवारी ठेवली तर ती फसवणूक ठरते आणि अडकता तुम्हीही.

कॅल ई-प्रोक्युअरवरच डीव्हीबीई शोधता येतात. फोन केलात की पहिला प्रश्न 'किती टक्के घ्याल' हा नको, 'तुमची माणसं नेमकं काय करतात' हा विचारा. चांगले डीव्हीबीई उसन्या नावाच्या फोनांना वैतागलेले असतात, त्यामुळे नीट बोलणारा त्यांच्या लक्षात राहतो. ठरलं की कामाचा भाग, दर आणि रक्कम लेखी घ्या आणि डीव्हीबीई डिक्लरेशनचा ८४३ क्रमांकाचा फॉर्म त्यांच्याकडून सही करून घ्या. एकदा बोलीत नाव दिलं की मनाला आलं म्हणून भागीदार बदलता येत नाही. त्याला राज्याची मंजुरी लागते आणि त्या जागी दुसरा डीव्हीबीईच आणावा लागतो.

७. पाच टक्क्यांचं गणित

बोलीत एसबीला ५ टक्के प्राधान्य मिळतं, म्हणजे नेमकं काय? समजा, प्रमाणपत्र नसलेल्या कंपनीची सगळ्यात कमी बोली १,००,००० डॉलर आहे आणि तुमची १,०४,५०० डॉलर. तिच्या बोलीच्या ५ टक्के, म्हणजे ५,००० डॉलर, तुलनेपुरते तुमच्या बोलीतून वजा करतात. तुमची बोली ९९,५०० धरली जाते आणि काम तुम्हाला मिळतं. पैसे मात्र पूर्ण १,०४,५०० मिळतात.

भोसरी किंवा चाकणला ज्यांनी लघुउद्योग चालवलाय त्यांना हे वेगळं वाटेल. भारतात लघुउद्योगाची बोली सर्वात कमी बोलीच्या १५ टक्क्यांच्या आत असली तर संधी मिळते, पण भाव त्या सर्वात कमी बोलीइतका खाली आणावा लागतो. इथे भाव तुमचाच राहतो.

मर्यादा दोन. सर्वात कमी बोली देणारा स्वतःच एसबी असेल तर हे प्राधान्य लागू होत नाही. आणि वजावट जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, म्हणजे वीस लाखांच्या कामात पाच टक्के एक लाख होत असले तरी वजा पन्नास हजारच होतात. मोठ्या कामांत हे प्राधान्य पातळ होत जातं. एसबी नसलेल्या मोठ्या कंपनीनं २५ टक्के काम एसबींना दिलं तर तिलाही हेच ५ टक्के मिळतात. हे ठाऊक असू द्या, कारण त्यासाठीच मोठ्या कंपन्या तुम्हाला फोन करतील.

८. खरं काम कुठून येतं

माझ्या मते नवख्यानं जाडजूड टेंडरांच्या मागे लागूच नये. शासकीय संहितेच्या कलम १४८३८.५ मध्ये 'एसबी/डीव्हीबीई ऑप्शन' नावाची सोय आहे. अडीच लाख डॉलरच्या आतल्या मालाची किंवा सेवेची खरेदी खातं जाहीर टेंडर न काढता करू शकतं. दोन प्रमाणित एसबींकडून, किंवा दोन डीव्हीबीईंकडून, कोटेशन घ्यायचं आणि त्यातल्या एकाला काम द्यायचं. पन्नास जणांची स्पर्धा नाही, तीनशे पानांचं बाड नाही. प्रमाणपत्र काढायचं ते मुख्यतः यासाठी.

पण त्या दोन कंपन्यांत तुमचं नाव यायचं कसं? प्रत्येक मोठ्या खात्यात एसबी/डीव्हीबीई अ‍ॅडव्होकेट (वकील नव्हे, अशा कंपन्यांना मदत करणारा खात्याचाच माणूस) नेमलेला असतो आणि त्यांची यादी डीजीएसच्या संकेतस्थळावर असते. तुमचं काम ज्यांना लागू शकतं अशी मोजकी खाती निवडा: कॅलट्रान्स, डीएमव्ही, तुरुंग खातं, जे असेल ते. अ‍ॅडव्होकेटला छोटा ईमेल लिहा आणि सोबत एका पानाचं कॅपॅबिलिटी स्टेटमेंट जोडा. त्यावर काय करता, कोणासाठी केलं, प्रमाणपत्र क्रमांक, कोड आणि फोन एवढंच. 'आम्ही सगळं करतो' लिहिलेलं पान कोणी जपून ठेवत नाही.

वेळही साधा. राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. वसंत ऋतूत खात्यांना उरलेले पैसे खर्चायची घाई असते आणि कोटेशनच्या विनंत्या अचानक वाढतात. मार्चपर्यंत तुमची ओळख झालेली असली पाहिजे. मेमध्ये ईमेलला दोन दिवस उत्तर दिलं नाहीत तर काम दुसऱ्याकडे गेलेलं असतं.

दोन-तीन कामं झाली की सीमॅसकडे वळा. हा आधी ठरलेल्या दरांचा करार आहे, त्यातून खाती थेट ऑर्डर देतात.

आणि आयटीवाल्यांसाठी: राज्याच्या पुष्कळ कंत्राटांत डेटा देशाबाहेर नेता येत नाही. रात्रीचं काम पुण्याच्या टीमला देण्याच्या हिशोबानं दर लावला असेल तर आधी अटी वाचा.

९. ऑर्डर मिळाल्यावर

सही करायला कागदांचा गठ्ठा येतो. पैसे कोणाला द्यायचे त्याचा एसटीडी २०४ फॉर्म, विम्याची प्रमाणपत्रं, कंत्राटदाराची हमीपत्रं. त्यात २००८ च्या दारफूर काँट्रॅक्टिंग अ‍ॅक्टचा एक कागद असतो आणि तो पाहून नवखा माणूस हमखास चक्रावतो. देशाबाहेर धंदा असलेल्या कंपन्यांना सुदानशी ठरावीक प्रकारचे व्यवहार नसल्याचं त्यात लिहून द्यावं लागतं. तुमचा भारतात व्यवसाय असेल तर 'हे आम्हाला लागू नाही' म्हणून सोडून देऊ नका, नीट वाचून भरा.

इनव्हॉइसवर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक, तारखा आणि दर अगदी करारातल्यासारखेच हवेत. एक आकडा चुकला तरी खातं वादाची नोटीस देऊन इनव्हॉइस परत पाठवू शकतं आणि पैसे देण्याच्या मुदतीचं घड्याळ थांबतं. बिनचूक इनव्हॉइसचे पैसे प्रॉम्प्ट पेमेंट अ‍ॅक्टप्रमाणे ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास खात्याला दंड भरावा लागतो आणि प्रमाणित एसबीला त्याचा दर जास्त मिळतो. पण महिनाभर काम, मग इनव्हॉइस, मग ४५ दिवस: अडीच महिन्यांचे पगार खिशात हवेत. बँकेकडून क्रेडिट लाइन काम मिळायच्या आधी घ्या.

कामात डीव्हीबीई भागीदार असेल तर शेवटी त्याला प्रत्यक्ष किती पैसे दिले याचं प्रमाणपत्र खात्याला द्यावं लागतं. ते येईपर्यंत खातं शेवटच्या बिलातले १०,००० डॉलर अडवून ठेवतं.

१०. केंद्र सरकारचं दार वेगळं

राज्याचं प्रमाणपत्र वॉशिंग्टनच्या कंत्राटात चालत नाही आणि तिथलं इथे चालत नाही. केंद्रासाठी सॅम या पोर्टलवर नोंदणी करून बारा अक्षर-अंकांचा यूईआय क्रमांक घ्यावा लागतो. जुना डन्स क्रमांक एप्रिल २०२२ मध्येच बंद झाला, तरी अजून लोक तोच विचारतात. अपंग माजी सैनिकांच्या कंपन्यांचं प्रमाणीकरण १ जानेवारी २०२३ पासून व्हीएकडून एसबीएकडे (केंद्राचं लघुउद्योग खातं) गेलं आहे आणि तिथे अपंगत्वाची टक्केवारी शून्य असली तरी चालते, ते सेवेमुळे आलेलं असल्याचं मान्य झालेलं असलं म्हणजे झालं. अशा कंपन्यांसाठीचं केंद्राचं उद्दिष्ट पूर्वी ३ टक्के होतं, ते आता ५ टक्के आहे. सगळ्यात जोरदार प्राधान्य व्हीएच्या स्वतःच्या खरेदीत मिळतं, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं किंग्डमवेअर खटल्यात ते व्हीएवर बंधनकारक असल्याचं एकमतानं सांगितलं.

८(ए), म्हणजे वंचित गटांतल्या मालकांच्या लहान कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेबद्दल जुन्या लोकांचा सल्ला जपून घ्या. भारतीय वंशाचे म्हणून सामाजिकदृष्ट्या वंचित आपोआप धरलं जाणं जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या फेडरल कोर्टाच्या निकालानंतर थांबलं.

सॅमवर नाव आलं की आठवडाभरात सरकारी दिसणारी पत्रं आणि फोन सुरू होतात: नोंदणी संपतेय, अमुक डॉलर भरा. सॅमची नोंदणी आणि दरवर्षीचं नूतनीकरण दोन्ही फुकट आहेत. मदत हवीच असेल तर तुमच्या भागातल्या एपेक्स अ‍ॅक्सिलरेटरला, म्हणजे सरकारी कंत्राटांबद्दल सल्ला देणाऱ्या केंद्राला, फोन करा. पूर्वी त्याला पीटॅक म्हणत. सल्ला फुकट मिळतो, आणि पहिली बोली पाठवण्याआधी ती कोणी तरी वाचून द्यावी असं वाटत असेल तर तेही विचारता येतं.